चतुश्चक्रचालित मालमोटारीचा पुढील आस : इतिहास व जीर्णोद्धार

एंजिनाची शक्ती मागील चाकांबरोबर पुढील चाकांनाही पुरविणाऱ्या मालमोटारीत पुढच्या चाकांचा भार पेलणारा, ती फिरविणारा व त्यांना वळू देणारा घटक म्हणजे पुढील चालक आस होय. सर्वसाधारण मालमोटारीचा पुढील आस हा घडीव पोलादाची भरीव तुळई असतो. भार पेलणे आणि चाकांना वळू देणे एवढेच त्याचे काम असते. मागील आस पोकळ असून त्याच्या आतील दांडे चाकांना फिरवितात. पण ती चाके वळत नाहीत. पुढील चालक आसाला ही दोन्ही कामे एकाच जागी, चाकाच्या मुळाशी, करावी लागतात. ही अडचण जोपर्यंत सुटली नाही तोपर्यंत चारही चाकांनी ओढणारे वाहन व्यवहारात आले नाही. जुने वाहन पुन्हा उभे करताना खरी परीक्षा होते तीही याच जागी.

रचना : आसाच्या मधल्या फुगीर कवचात विभेदी दंतचक्रमाला असते. तिच्यापासून दोन्ही बाजूंस पोलादी नळ्या निघतात व प्रत्येक नळीच्या टोकाशी एक पोकळ गोल बसविलेला असतो. या गोलावर चाक वाहणारा भाग वर-खाली असलेल्या दोन खुंट्यांवर फिरतो. कर्मशाळेतील भाषेत या भागास ‘नकल’ व खुंट्यांस ‘किंगपिन’ म्हणतात. नळीतून आलेला दांडा गोलाच्या पोकळीत एका सांध्याने बाहेरच्या आखूड दांड्याशी जोडलेला असतो आणि हा सांधा किंगपिनांच्या नेमक्या मध्यरेषेवर यावा लागतो. गोल व नकल यांच्यातील फटीवर लोकर-नमद्याची वा रबराची पट्टी बसविलेली असते. आतील वंगण बाहेर जाऊ न देणे व बाहेरील चिखल आत येऊ न देणे हे दुहेरी काम तिच्यावर सोपविलेले असते. सर्व रचनेत ही पट्टी सर्वांत स्वस्त, आणि बहुतेक आसांचा नाश तिच्या हयगयीनेच झालेला असतो.

इतिहास : कोनात असलेल्या दोन दांड्यांना जोडणारा क्रॉसचा सांधा सतराव्या शतकात इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी वापरला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या अंगी एक मूलभूत दोष आहे. आत येणारा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी बाहेर जाणारा दांडा तसा फिरत नाही. दोन दांड्यांमध्ये ३०° चा कोन असेल, तर बाहेरच्या दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सु. १.१५ पट होतो व दोनदा सु. ०.८७ पटीपर्यंत उतरतो. सरळ रस्त्यावर हा दोष जाणवत नाही. चाके वळविली की मात्र सुकाणूचक्र हाताला हिसके देऊ लागते, टायर घासतात आणि दांड्यांवर उलटसुलट ताण पडतो.

हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी सहा सिलिंडरांची मोटारगाडी तयार केली. तथापि मालमोटारीच्या दृष्टीने निर्णायक काम अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल या लहान गावी झाले. तेथील ऑटो झॅकॉ व विल्यम बेसरडिक या यंत्रकारागिरांनी १९०८ मध्ये दुहेरी ‘वाय’ आकाराच्या सांध्याचे एकस्व मिळविले. हा सांधा चेंडू व वाटी यांसारख्या कवचात बंद केलेला होता. सांधा गोलात झाकून ठेवण्याची ही कल्पना पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली. त्यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या एफडब्ल्यूडी कंपनीच्या ३ टनी मालमोटारी आणि केनोशा येथील जेफरी कंपनीची ‘क्वाड’ मालमोटार १९१६ च्या मेक्सिको मोहिमेत व पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या.

वेगातील चढउतार मुळातच नाहीसा करणारे सांधे १९२० नंतरच्या दशकात पुढे आले. कार्ल वाइस यांच्या सांध्यात दोन चिमट्यांमधील खोबणींत चार गोळ्या शक्ती वाहतात व पाचवी गोळी मध्यभागी राहून त्यांना जागेवर ठेवते. फ्रान्समध्ये झां-आल्बेर ग्रेग्वार व प्येर फनाय यांनी १९२६ च्या सुमारास ‘ट्रॅक्टा’ सांधा तयार केला. त्यात गोळ्या नसून एकमेकांत सरकणारे दोन तुकडे असतात. आल्फ्रेड झेप्पा यांच्या सांध्यात पिंजऱ्यात धरलेल्या सहा गोळ्या असतात. या तिन्हींमागील तत्त्व एकच आहे : शक्ती जेथून पलीकडे जाते ते स्पर्शबिंदू दोन दांड्यांमधील कोन नेमका दुभागणाऱ्या प्रतलात राहिले पाहिजेत. तत्त्व सोपे असले, तरी कठीण केलेल्या पोलादात त्या वक्र खोबणी अचूक घासून काढणे अवघड होते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात हा सांधा वाहन-उत्पादनातील अडसर ठरला.

अमेरिकी सैन्याने जुलै १९४० मध्ये १३५ कारखान्यांकडे हलक्या चतुश्चक्रचालित गाडीची मागणी केली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकन बँटम कंपनीने पहिला नमुना हजर केला. त्यावरून विकसित झालेल्या जीपगाड्या विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक बनविल्या. या सर्वांचा पुढील आस एकाच आराखड्याचा, स्पायसर कंपनीचा होता. सांधे मात्र चार प्रकारचे बसविले गेले : बेंडिक्स-वाइस, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसरचा साधा क्रॉस. पुरवठा जेथून होईल तेथून तो घ्यावयाचा असे धोरण होते. बाहेरून सारखे दिसणारे दोन आस आतून वेगळे निघण्याचे कारण या घाईच्या वर्षांत आहे.

भारतातील आगमन : युद्धकाळात भारतात आलेल्या चतुश्चक्रचालित मालमोटारींपैकी फार मोठा वाटा कॅनडातील फोर्ड व शेव्हरोले कारखान्यांत ठरावीक सैनिकी नमुन्यानुसार बनविलेल्या गाड्यांचा होता. आखूड नाक, उजव्या हाताचे सुकाणू व पुढे झुकलेला चपटा चेहरा यांमुळे त्या सहज ओळखू येतात. चारही चाकांना शक्ती असलेल्या अशाच कॅनडी सांगाड्यांवर टाटांच्या पोलादी पत्र्यांचे कवच चढवून भारतात चिलखती गाड्याही बनविण्यात आल्या. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता. फोर्ड कंपनीचीही मुंबईत जुळणी होत असे. पेट्यांतून आलेले भाग जोडून वाहन उभे करण्याचे कसब मुंबईच्या कामगारांच्या हाती या मार्गाने आले. महाराष्ट्रातील जुन्या वाहनांच्या दुरुस्तीची परंपरा पाहताना ही पार्श्वभूमी सहसा दुर्लक्षिली जाते.

युद्ध संपल्यावर शिल्लक वाहनांचे लिलाव झाले. मालमोटारी कंत्राटदार, जंगलठेकेदार व खाणमालक यांच्याकडे गेल्या. मोडीत निघालेल्यांचे भाग मुंबईच्या कुर्ला भागातील आणि अन्य शहरांतील जुन्या बाजारांत पोहोचले. त्या काळी ‘दुरुस्त केलेले वाहन’ या शब्दांचा अर्थ किती सैल होता, हे एका प्रसिद्ध प्रकरणावरून दिसते. भारतीय सैन्यासाठी १९४८ मध्ये लंडनमधील उच्चायुक्तालयामार्फत नव्याने दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांची मोठी मागणी नोंदविण्यात आली. त्यांपैकी मद्रास बंदरात उतरलेल्या १५५ गाड्या वापरण्यास अयोग्य ठरल्या. हे प्रकरण संसदेत गाजले व १९५५ मध्ये सरकारने ते बंद केले.

मुंबईत १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) या कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे भाग येथेच बनू लागले. याच कुळातील पुढे ढकललेल्या चालककक्षाची लहान मालमोटार १९६५ पासून महिंद्रने बाजारात आणली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेमुळे गट विकास अधिकाऱ्याची जीप ही ग्रामीण महाराष्ट्रात शासनाची चालती खूण बनली. सैन्यासाठी जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून ‘शक्तिमान’ मालमोटारी तयार होऊ लागल्या. जबलपूर येथील वाहन कारखान्यात त्यांच्या जोडीने निस्सान नमुन्याच्या १ टनी गाड्या बनत. लिलावात निघालेल्या या गाड्या आजच्या जीर्णोद्धारकांच्या हाती अधिक प्रमाणात येतात.

काळ्या जमिनीतील वापर : अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका (ता. मालेगाव, जि. वाशिम) यासारख्या वऱ्हाडातील गावांच्या परिसरात चारही चाकांनी ओढण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दख्खनच्या काळ्या खडकापासून बनलेली ही कापसाची जमीन पाणी शोषून फुगते व चाकाला चिकटून बसते. मागची चाके जागच्या जागी फिरून खोल जातात. पुढची चाके ओढणारी असतील, तर ती स्वतःच्या चाकोरीतून वर चढू शकतात. मात्र ज्या मातीसाठी हा आस उपयोगी, तीच माती त्याला खाते. तिचे अतिसूक्ष्म कण गोलाच्या चकचकीत पृष्ठावर बसतात, उन्हात वाळून कडक होतात आणि चाक वळले की नमद्याच्या पट्टीखाली ओढले जातात. पट्टी झिजली की पाणी आत जाते, वंगणाचा पांढुरका काला होतो व सांध्याच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडू लागतात. वाळूत वापरलेल्या गाडीचा आस झिजलेला, तर काळ्या चिखलात वापरून उभ्या करून ठेवलेल्या गाडीचा आस गंजलेला आढळतो.

जीर्णोद्धार : या कामाचा आरंभ उघडण्याने नव्हे, तर ओळख पटविण्याने करावा लागतो. भारतातील जुन्या चतुश्चक्रचालित वाहनांत मूळचा पुढील आस शाबूत असणे दुर्मिळ आहे. इंधन व दुरुस्ती यांचा खर्च वाचविण्यासाठी अनेक मालकांनी पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून टाकला, आतले दांडे विकले, किंवा दुसऱ्या गाडीचा आस बसविला. कंपनीनेही पुढे केवळ मागील चाकांना शक्ती देणारी रूपे विकली. फोर्डने बनविलेल्या युद्धकालीन जीपच्या असंख्य लहानमोठ्या भागांवर ‘एफ’ हे अक्षर उठविलेले असते. वाळूच्या माऱ्याने गंज काढण्याची हौस आवरली नाही, तर असे पुरावे पुसले जातात. म्हणून सर्व ठसे, क्रमांक व जुन्या रंगाचे थर यांची छायाचित्रे व मोजमापे प्रथम घेतली जातात.

ओळख पटविण्यात सर्वांत महत्त्वाची ठरते ती दातांची गणना. युद्धकालीन जीपच्या आसात पिनियनला ८ व क्राउनला ३९ दात, म्हणजे सु. ४.८८ : १ हे गुणोत्तर असे; नागरी जीपमध्ये ते ८ व ४३, म्हणजे सु. ५.३८ : १ होते. दोन्ही आस दिसण्यात सारखे व कमानी पाट्यांवर सहज बसणारे. अशा मिश्र गाडीत पुढचा आस जोडला, तर मागची चाके १०० मी. जाण्याइतकी फिरताना पुढची जेमतेम ९१ मी. इतकी फिरतात. चिखलात चाके घसरून हा फरक पचवितात. डांबरी रस्त्यावर तो दांडे पिळून काढतो व शेवटी सर्वांत दुर्बळ भाग तुटतो. तपासणी सोपी आहे. एक चाक धरून ठेवून दुसरे नेमके दोन फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावे. पाचास थोडे कमी भरले तर पहिला प्रकार, पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक भरले तर दुसरा. मागील आसाचीही हीच तपासणी केली जाते. लाखो रुपये खर्चून रंगविलेल्या गाड्यांत ही पाच मिनिटांची तपासणी राहून गेल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

उघडताना निघालेले वंगण फेकून न देता पाहावे लागते. गोलातील घट्ट ग्रीजमध्ये पातळ तेल मिसळलेले असेल, तर नळीच्या आतील तेलसील गेलेले असते. बहुधा त्याचे मूळ आसाच्या वरचे श्वासछिद्र चिखलाने बुजण्यात असते. कवच तापते, आतील हवा फुगते व तिला वाट न मिळाल्याने ती तेलाला सीलपलीकडे ढकलते. पुढे हेच तेल चाकाच्या ब्रेकपर्यंत जाते. जुन्या ब्रेक-अस्तरांत ॲस्बेस्टॉस असल्यामुळे तेथील धूळ हवेच्या झोताने न उडविता ओली करून पुसली जाते.

आतील दांडे व सांधे बाहेर काढल्यावर सांध्याचा प्रकार कळतो. येथे जीर्णोद्धारकापुढे खरा पेच उभा राहतो. वाइस प्रकारच्या सांध्यातील खोबणींना खड्डे पडले असतील, तर ते घासून काढल्यास गोळ्या सैल होतात व पूर्ण वळणावर सटकण्याचा धोका असतो. ट्रॅक्टाचे सरकते तुकडे झिजले, तरी काही काळ चालतात. मात्र वंगणाविना ते लवकर तापून चिकटतात. साधा क्रॉस मिळण्यास व बसविण्यास सर्वांत सोपा. त्यामुळे मूळचा सांधा टाकून क्रॉसचे दांडे घालण्याकडे मिस्त्रींचा कल असतो. गाडी कामाला लावायची असेल, तर हे गैर म्हणता येत नाही. परंतु आस हाच ज्या काळाचा पुरावा आहे त्या काळाची खूण त्यात नाहीशी होते. निदान काढलेले दांडे जपून ठेवणे व बदलाची लेखी नोंद करणे एवढे तरी अपेक्षित असते. एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दुसरा प्रकार ठेवणे मात्र कोणत्याही हेतूने समर्थनीय नाही.

गोलाच्या पृष्ठावरील गंजाचे खड्डे हा दुसरा कठीण भाग. खड्डे उथळ असतील, तर ते घासून वर कठीण क्रोमियमाचा थर देता येतो. खोल खड्ड्यांत वितळजोड भरून पुन्हा गोल घासण्याची पद्धत रूढ आहे. पण जोड देताना उष्णतेने गोल व नळी वाकडी होण्याची शक्यता असते. म्हणून जोड थोडाथोडा, समोरासमोरच्या बाजूंनी दिला जातो आणि शेवटी संपूर्ण कवच आधारांवर ठेवून तबकडीमापकाने नळ्यांची सरळता तपासली जाते. अवजड भाराखाली वाकलेली नळी दाबयंत्राने सरळ करता येते. नमद्याची नवी पट्टी बसविण्यापूर्वी तेलात भिजवून ठेवली जाते. कोरडी पट्टी पहिल्याच वळणात करपते.

क्राउन व पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळविलेले असतात व दोहोंवर जोडीचा क्रमांक असतो. एक बदलल्यास दुसरा बदलावाच लागतो. त्यांची मांडणी शिम नावाच्या पातळ पोलादी चकत्यांनी साधतात. जीपच्या आसात दातांमधील मोकळीक ०.१३ ते ०.१८ मिमी. एवढी ठेवतात. दातांचा स्पर्श कोठे होतो हे पाहण्यासाठी भारतीय कर्मशाळांत तेलात कालवलेला शेंदूर लावण्याची जुनी रीत आहे. चक्र फिरविल्यावर शेंदूर पुसला गेलेला डाग दाताच्या मध्यभागी यावयास हवा. तो टोकाकडे वा मुळाकडे सरकला, तर पिनियनखालील चकत्या कमीजास्त कराव्या लागतात आणि पुन्हा सर्व जोडणी करून डाग पाहावा लागतो. एका आसासाठी हे चक्र चार-सहा वेळा होणे नवलाचे नाही. शेंदूर हे शिशाचे संयुग असल्याने काम झाल्यावर हात धुणे आवश्यक असते.

किंगपिनाचे धारवे, म्हणजे बेअरिंग, किंचित दाबात असावे लागतात. हा दाबही चकत्यांनीच ठरतो आणि नकल फिरविण्यास लागणारे बल ताणकाट्याने मोजून तपासला जातो. सील चढविण्यापूर्वी हे मोजमाप न केल्यास सीलचे घर्षण धाऱ्यांच्या खात्यावर जमा होते व आस सैल राहतो. सैल किंगपिनामुळे ठरावीक वेगाला पुढील चाके जोराने डोलू लागतात. हा दोष सुकाणूपेटीचा समजून ती बदलण्याचा निष्फळ खर्च नेहमी केला जातो. चाकांचा बाहेरील कल, किंगपिनाचा मागील कल व चाकांची पुढील बाजूस आत वळलेली ठेवण यांपैकी शेवटची तेवढी सांधेदांड्याने जुळविता येते. युद्धकालीन जीपमध्ये ती १.२ ते २.४ मिमी. असे. पहिल्या दोहोंची मापे चुकली, तर नळी वा कमानी पाटे वाकले आहेत असे समजावे. वळण मर्यादित ठेवणारे अडणी-स्क्रू हे सांध्याचे रक्षक असल्याने ते काढून वळण वाढविण्याचा मोह टाळावा लागतो.

अमेरिकेत १९४८ नंतर प्रचारात आलेल्या मोकळ्या फिरणाऱ्या तुंब्यांमुळे चाके आतील दांड्यांपासून सोडविता येतात. त्यांनी इंधन वाचते. मात्र दांडे महिनोन्महिने स्थिर राहतात, वंगण तळाशी उतरते व वरचा धारवा कोरडा पडतो. जतन केलेल्या गाडीत अशा तुंब्या असतील, तर महिन्यातून एकदा त्या जोडून गाडी मऊ जमिनीवर काही अंतर चालविली जाते.

कायदेशीर स्थिती : केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून तिची मुदत दहा वर्षे आहे. वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याच्या सांगाड्यात, कवचात किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आसाचा या अटीत नावाने उल्लेख नाही. त्यामुळे दुसऱ्याच गाडीचा पुढील आस घातलेली जीपही मूळ म्हणून नोंदली जाऊ शकते. याउलट ही नोंदणी दुचाकी व प्रवासी वर्गातील मोटारगाड्यांपुरतीच आहे. मालवाहू वर्गातील वाहन तीत बसत नाही. पुढील आसापर्यंत मूळ रूपात आणलेली कॅनडी नमुन्याची मालमोटार रस्त्यावर न्यावयाची झाल्यास तिला आजही सर्वसामान्य मालवाहू वाहनाप्रमाणे योग्यता प्रमाणपत्र मिळवावे लागते.